मास्तरांच्या नावावरचं वाक्य

संगणक बनवणाऱ्या कंपनीनं आमच्या मास्तरांना फसवलं. मला नव्हे, मास्तरांना. मला फसवायला आलेले पुष्कळ होऊन गेले. ओली मिरची वाळलेली म्हणून गळ्यात मारणारे, पोत्याच्या तोंडाशी लालभडक आणि तळाशी पांढरी पडलेली भरणारे. त्यांच्याशी मी उभ्या जागी भांडले आणि उभ्या जागी मिटवलं. हे भांडण अजून मिटलेलं नाही, कारण भांडायला समोर कोणी येतच नाही.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या रस्त्याला माझा चटणीचा डंक आहे. लोखंडी मुसळं यंत्रावर खालीवर होतात आणि खाली मिरची कुटली जाते. बाहेरचे लोक आमच्या मालाला कांदा-लसूण मसाला म्हणतात, आम्ही चटणी म्हणतो. सुरुवातीला मी दुसऱ्यांच्या मिरच्या कुटून द्यायचे, मग स्वतःची चटणी काढली. शिक्षण अर्ध्यात सुटलं, पण वाचायची सवय सुटली नाही. धंद्यात उभं राहायला मला कोणी हात दिला नाही, त्यामुळे कुणाचे उपकारही नाहीत. मास्तरांचे मात्र आहेत.

मास्तर पहिल्यांदा आले ते गिऱ्हाईक म्हणून. पायजमा, पांढरा शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं. चटणी घेतली, वास घेतला, आणि निघता निघता पाटीकडं बघत उभे राहिले.

"चटणीतला ण बाणातला पाहिजे. तुम्ही नळातला घातलाय."

"चव बघा की. न आणि ण काय बघालाय?"

"चव घरात गेल्यावर कळणार. पाटी रस्त्यावरनं जाणाऱ्याला कळती."

मी चिडले. म्हटलं, एवढं कळतंय तर या उद्यापासून, लिहीत बसा इथं. मी रागानं बोलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बसायची गादी काखेत मारून हजर.

शाहूपुरीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. तालुक्याच्या कचेऱ्यांतले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. मशीनवरच्या परीक्षा बंद झाल्या तशी पोरं यायची थांबली आणि मास्तरांनी क्लासला कुलूप लावलं. संगणक ते शिकले, पण त्याला त्यांनी टाइपरायटरसारखंच वागवलं. पाठ ताठ, कोपरं अंगाशी, आणि बोटं अशी आपटायची की डंकाच्या आवाजातही त्यांचं टायपिंग ऐकू यायचं. कळफलक वरचेवर निकामी व्हायचे. नवा आणला की ते आधी त्याच्यावर बोटं फिरवून म्हणायचे, "बघू, हे किती सोसतंय."

पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून मोठा रुमाल काढला, दोन्ही हातांवर पसरला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हं, सांगा." माझं आयुष्य गडहिंग्लजच्या मिरची बाजारात गेलेलं. तिथं जुने व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, बाजूच्याला कळू नये म्हणून. मला वाटलं, हा माणूस पगाराचा सौदा करतोय. मी सरळ रुमालाखाली हात घातला. मास्तर असे दचकले की गादीवरून घसरले.

"वैनी! हे काय?"

"भाव सांगा की."

तेव्हा कळलं की क्लासात पोरांनी बोटांकडं बघू नये म्हणून ते हातांवर फडकं टाकायचे, आणि शिकवता शिकवता त्यांना स्वतःलाच ती सवय लागली होती. डंकावरच्या बाया ही गोष्ट सांगून पुढं कितीतरी दिवस हसत होत्या.

रुमाल सांगायचं कारण असं की मास्तर टाइप करताना कळांकडं बघायचे नाहीत आणि पडद्याकडंही बघायचे नाहीत. ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे. त्यांचं म्हणणं, "पत्र तुमच्या तोंडात हाय. पडद्यात काय बघायचं?"

त्यांचा दुसरा नियम, सांगणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही. मी तोंडाची फटकळ. एखाद्या अडत्यानं हलका माल पाठवला की पत्र शिवीनंच सुरू व्हायचं. मास्तर ती शिवी जशीच्या तशी टाइप करायचे, अगदी शुद्ध लिहून, आणि मग शांतपणे विचारायचे, "ठेवू?" दर वेळी विचारायचे. मी थोडी निवलेली असले की म्हणायचे, काढा. नसले तर ठेवा. पण स्वतःच्या मनानं त्यांनी कधी एक काना इकडचा तिकडं केला नाही. पत्र पुरं झालं की सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी "धाडा" म्हटल्यावरच खाली माझं नाव टाकायचे. आधी वाचन, मग नाव. टाइपरायटरच्या दिवसांपासूनचा हाच क्रम.

एका सकाळी संगणक सुरू व्हायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. पडद्यावर येत होतं, थोडं थांबा, आम्ही तुमच्यासाठी काही नवीन तयार करत आहोत. मास्तर गादीवर हाताची घडी घालून बसले. "जागा आपली, वीज आपली, आणि तयारी ह्यांची."

शेवटी पडदा उघडला. कोपऱ्यात एक रंगीत चिन्ह आणि खाली ओळ, नमस्कार, आज मी तुम्हाला कशी मदत करू?

"वैनी," मास्तर तिथूनच ओरडले, "पावणं आल्यात!"

"कुठं?"

"आत."

मी जाऊन बघितलं. मास्तर त्या खिडकीत टाइप करत होते, पावणं, गाव कुठलं म्हणायचं? उत्तर आलं की मी तुमचा सहायक आहे, मी पत्रं लिहू शकतो, माहिती शोधू शकतो, सारांश करू शकतो. मास्तरांनी पुन्हा विचारलं, ते राहू दे, गाव? पुन्हा तेच, मी हे करू शकतो, मी ते करू शकतो.

"गाव विचारलं तर काम सांगतंय," मास्तर म्हणाले. "असल्याला मी पाणीसुद्धा विचारणार न्हाई."

त्या दिवसापासून मास्तरांचा संशय सुरू झाला तो थांबलाच नाही. डंकावरच्या एका बाईकडून त्यांनी टिकली मागून घेतली आणि पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटवली. उन्हाळ्यात ती घसरून खाली यायची, मग पुन्हा नवी मागायची. बाया चेष्टा करायच्या, "मास्तर, कुंकू न्हाई लावलं आज हिला?" जेवायला बसताना ते पडदा भिंतीकडं वळवायचे. माझ्या चटणीत खोबरं किती, तीळ किती, कुठल्या मिरचीत कुठली मिसळायची, हे त्यांनी मला त्या खोलीत बोलू दिलं नाही. म्हणायचे, "बाहेर चला. हे ऐकालंय."

मला तेव्हा वाटायचं, म्हातारा जरा जास्तच करतोय. तरी ज्याच्याकडनं संगणक घेतला त्या विक्रेत्याला बोलावलं आणि सांगितलं, हे काढ.

"आता ते मशीनसंगंच येतंय वैनी," तो म्हणाला. "मुळापासनं निघत न्हाई. गप्प बसवता येतंय."

मास्तर म्हणाले, "गप्प बसल्यालं आणखी वाईट. बोलणाऱ्याचं निदान कळतंय तरी."

त्यानं काहीतरी दाबलं, चिन्ह दिसेनासं झालं आणि तो गेला. पण पावणं गेलं नव्हतं. मी बोलताना आमच्याकडच्या बायकांसारखी जातो, करतो, बघतो असंच म्हणते. लिहिताना जाते, करते लिहिते. मास्तर पत्रात मी बोलले तसं घालायचे. आता तशा प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ यायला लागली. वाचून दाखवताना मास्तर म्हणाले, "वैनी, तुम्ही बाई हायसा हे ह्याला कुणी सांगितलं?"

"मग कोण हाय मी?"

"ते खरं. पण आपण सांगितलं न्हवतं की."



आता मूळ गोष्ट. पुण्याच्या एका दुकानवाल्यांचा माणूस आला होता. पोरसवदा, गोड बोलणारा. त्यांना माझी चटणी हवी होती, पण त्यांच्या पाकिटात, त्यांच्या नावानं. माझं नाव कुठंच नाही. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, "बघू की."

बाजारात वाढलेल्या माणसाला हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. घेतो की म्हणजे घेणार. देतो की म्हणजे देणार. बघू की म्हणजे घरी जावा, पुन्हा येऊ नका, पण चहाला राग मानू नका. त्या पोराला हे कळलं नसावं. चार दिवसांनी त्याचं मेलवर पत्र आलं, प्रस्ताव मान्य असल्यास कृपया तसं कळवावं.

मी मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी रुमाल पसरला. पत्र आखूड होतं. "तुमचं पत्र पोचलं. माझी चटणी तुमच्या पाकिटात घालायचं बघू की. यंदाची मिरची बाजारात आल्यावर बोलतो." मास्तरांनी वाचून दाखवलं. मी म्हटलं, धाडा. त्यांनी माझ्याकडं बघत खाली माझं नाव टाकलं आणि पत्र गेलं.

पंधरवड्यानं तो पोरगा छापलेली पाकिटं घेऊन दारात. चटणीचा रंग, चटणीचं चित्र, नाव त्यांचं.

"हे काय आणि?" मी म्हटलं.

"अहो, तुम्हीच तर होकार दिलात." त्यानं फोन पुढं केला. माझंच पत्र. मी सांगितलेल्या सगळ्या ओळी होत्या. आणि त्यांच्या खाली, माझ्या नावाच्या वर, आणखी एक वाक्य होतं. आपला प्रस्ताव आम्हांस मान्य असून पुढील कार्यवाही करावी.

"आम्हांस" हा शब्द माझ्या तोंडात आयुष्यात कधी आलेला नाही.

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. मास्तर ते टाइप करत असते तर त्यांनी "ठेवू?" म्हणून विचारलं असतं. पण लेखी होकार गेलेला, पाकिटं छापून झालेली. वकील म्हणाला, भांडलात तर वर्ष जाईल आणि नावही जाईल. त्या हंगामाची माझी बरीचशी चटणी दुसऱ्याच्या नावानं विकली गेली. पुढच्या हंगामाला मी तो व्यवहार तोडला. धंद्याचं तेवढं मी भरून काढलं.

मास्तरांचं भरून निघालं नाही. माझा धाकटा दीर डंकात भागीदार आहे. त्यानं सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं, "मास्तरला पुण्याच्या लोकांनी फोडलंय. त्याच्याशिवाय कोण लिहिणार? हात कुणाचे चालत्यात तिथं?"

मास्तर दारातच उभे होते. मी विचारलं, "मास्तर, खरं काय ते सांगा." विचारणं माझं काम होतं, मी विचारलं.

"ते वाक्य माझं न्हवं वैनी. तुमचंबी न्हवं. मी पुन्यांदा टाइप करून दाखवतो. सगळ्यांदेखत."

सगळे त्या खोलीत दाटीनं उभे राहिले. बाहेर मुसळं थांबवलेली, त्यामुळे खोलीत चमत्कारिक शांतता. मास्तरांनी कोरं पान उघडलं, हातांवर रुमाल टाकला, माझ्या तोंडाकडं बघितलं. मी तेच शब्द सांगितले, त्यांनी तेच टाइप केले. वाचून दाखवलं. खाली नाव टाकलं. आम्ही पडद्याकडं बघितलं. मधे काही नव्हतं. जेवढं सांगितलं तेवढंच.

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी विक्रेत्यानं लपवलेलं ते चिन्ह शोधून काढलं, खिडकी उघडली आणि टाइप केलं, त्या दिवशीच्या पत्रात ते वाक्य तू लिहिलंस काय?

उत्तर लगेच आलं. मी आपल्या संमतीशिवाय कोणताही मजकूर समाविष्ट करत नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

दीर हसला. "बघा. मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं?"

मास्तरांनी रुमालाची घडी केली, खिशात घातली. गादी काखेत मारली. मी म्हटलं, मास्तर, बसा. ते म्हणाले, "आता इथं बसून कुणाच्या तोंडाकडं बघू?" आणि गेले. आठवड्याभरात कळलं की ते गडहिंग्लजला लेकीकडं राहायला गेले.

मी स्वभावानं संशयी आहे. पण माझा संशय मास्तरांवर ठरेना. बाजारात मी माणसं पारखत आले आहे, दर वेळी "ठेवू?" विचारणारा माणूस न विचारता अख्खं वाक्य ठेवेल, हे मला पटेना. म्हणून रोज दुपारी मी एकटी त्या संगणकापुढं बसायला लागले. मास्तर जे जे करायचे ते आठवून एका बोटानं करून बघायचे. काही होईना. मग ध्यानात आलं, सगळ्यांदेखत मास्तरांनी कोऱ्या पानावर लिहिलं होतं. खरं पत्र गेलं होतं ते त्या पुण्याच्या पोराच्या पत्राखाली, उत्तर म्हणून.

मी त्याचं पत्र उघडलं आणि उत्तर लिहायला घेतलं. माझ्या तीन ओळी घातल्या. शेवटच्या ओळीनंतर थांबले, वाचून झाल्यावर मास्तर माझ्या तोंडाकडं बघत "धाडा"साठी थांबायचे तशी. आणि त्या थांबण्यात, माझ्या ओळींच्या खाली, फिकट करड्या अक्षरांत एक वाक्य हळूच उगवलं. आपला प्रस्ताव आम्हांस मान्य असून. समोरच्यानं मान्यता मागितली होती. ते वाचून यानं ती तयार करून ठेवली होती. माझं "बघू की" त्याला होकार वाटलं होतं.

मी बोट लावलं नाही. तशीच बघत बसले. मग मास्तर पुढं काय करायचे ते आठवलं. नाव टाकायच्या आधी ते डाव्या करंगळीनं टॅब दाबायचे. टाइपरायटरवर ओळ आत सरकवायची ती कळ. नवा परिच्छेद आला की टॅब, शेवटी नाव उजवीकडं घ्यायचं असलं की टॅब. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कारकुनाची करंगळी तिथं आपोआप जाते.

मी टॅब दाबली. करडी अक्षरं काळी झाली.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग दुसरं यंत्र बोललं, शेवटी एक मुलगी आली.

"मॅडम, ती फक्त सूचना असते. वापरणाऱ्यानं स्वीकारल्याशिवाय मजकुरात जात नाही."

"आणि स्वीकारायची कशी?"

"टॅब दाबून."

"आणि परिच्छेद आत घ्यायचा तर काय दाबायचं?"

"...टॅब."

"मग त्यानं कुठलं दाबलं हे तुमच्या मशीनला कसं कळलं?"

"मी आपली तक्रार वर कळवते मॅडम." वर म्हणजे कुठं, कोण, हे तिला सांगता आलं नाही. तिचा दोष नव्हता. तिलाही कुणी सांगितलेलं नसणार.

दिराला बोलावून दाखवलं. त्यानं दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाला, "असंल." एवढंच. त्याचं मी घरात बघून घेईन.

मी एसटी धरली आणि गडहिंग्लजला गेले. मास्तर लेकीच्या घरी सोप्यात, पुढच्या पडवीत, बसले होते. शर्टाची बटणं तशीच वरपर्यंत. मी सगळं सांगितलं, टेबलावर करंगळी आपटून दाखवली. मला वाटलं होतं, उठून टाळी देतील. ते आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिले.

"म्हंजे दाबलं मीच."

"दाबलं तुम्ही, लिहिलं त्यानं."

"जन्मभर पोरांस्नी सांगत आलो वैनी, तुमच्या बोटातनं जे उमटंल ते तुमचं. दुसऱ्याचं म्हणायचं न्हाई."

"मास्तर, तवा कळंला एकच काम हुतं. ह्यांनी तिच्यावर दुसरं काम बसवलं आणि तुम्हांला सांगितलं न्हाई. ह्यात तुमचं बोट काय करणार?"

"पत्रात तसं दिसत न्हाई की. पत्रात सगळी अक्षरं काळीच."

लेकीनं चहा दिला. कामावर परत चला म्हटलं तर नुसती मान हलवली. निघताना मला सोडायला रस्त्यापर्यंत आले आणि दुसरीकडं बघत विचारलं, "बाजारात अजून म्हणत्यात काय? मास्तर फुटला म्हणून?"

सौद्यात मी रोज खोटं बोलते. तिथं बोलता आलं नाही. म्हणत्यात. दिरानं पसरवलेलं दिरानं आवरलं नाही, आणि करड्या अक्षरांची गोष्ट अडत्यांना सांगायला गेलं की ते हसतात. फुटलेला माणूस त्यांना चटकन कळतो. स्वतःहून वाक्य लिहिणारं मशीन अजून त्यांच्या गळी उतरत नाही. उतरेल तेव्हा मास्तर असतील की नाही, कोण जाणे.

म्हणून हे लिहिलं. कुठंतरी, कुठल्यातरी खोलीत बसून एका माणसानं ठरवलं की ह्या कळीवर आता हे काम बसवायचं. ते मशीननं ठरवलेलं नाही, माणसानं ठरवलं. टाइपरायटरवर हात बसलेल्या लोकांच्या करंगळ्या कुठं जातात हे त्यानं कुणाला विचारलं होतं? गप्प बसवलेलं मशीन पत्रात बोलतं, हे तरी त्याला ठाऊक होतं का? मला त्याच्याकडून भरपाई नको, आणि मशीनच्या तोंडचं क्षमस्व तर मुळीच नको. त्यानं कोल्हापूरला यावं. मिरचीच्या लिलावात, अडत्यांसमोर, माझ्या दिरासमोर उभं राहावं आणि आपलं नाव घेऊन मोठ्यानं सांगावं की ते वाक्य माझं होतं, मास्तरांचं नव्हतं. मास्तरांना तिथवर आणायचं काम माझं.

बोला, कोण येतंय?